मानेच्या सोनोग्राफीत 'लहान प्लाक' निघाला, डायबिटीस आहे. हृदयाचं काय समजायचं?

लोकमान्यनगर_५३

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, लिहितोय आज पहिल्यांदा.

मी इंदूरचा, लोकमान्य नगरात राहतो. वय ५३, डायबिटीसला ११ वर्षं झाली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.६, बीपी गोळी घेऊन १३८/८६, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ११८. तंबाखू-सिगारेट कधीच नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चार वर्षांपूर्वी लिहून दिली होती. दोन महिने घेतली आणि सोडली, कारण लॅबच्या कागदावर कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' छापलेलं होतं.

धागा काढायचं कारण माझा मोठा भाऊ. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तो गेला. वय ५७, त्यालाही शुगर. छातीत एकदाही दुखलं नाही. संध्याकाळी घाम फुटला, पोटात कसंतरी होतंय म्हणाला. वहिनीनं ओवा दिला, तो पलंगावर आडवा झाला. आम्ही रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून मला रात्री धड झोप नाही.

गेल्या रविवारी कॉलनीत तपासणी शिबिर होतं. तिथे मानेच्या दोन्ही बाजूंची सोनोग्राफी केली. रिपोर्ट असा: उजवीकडे आयएमटी ०.८ मिमी, डावीकडे १.० मिमी, डाव्या बल्बमध्ये १.९ मिमी जाडीचा लहान प्लाक, लक्षणीय अडथळा नाही, पीएसव्ही ८२. तपासणाऱ्या मुलानं 'थोडंसं आहे, काळजी करू नका' एवढंच सांगितलं. शेजारचे काका म्हणतात, सोमवारीच अँजिओग्राफी करून घे. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि मानेतल्या गोष्टीवरून छातीतलं कसं कळतं?

माळव्याची_माती

दादा, भावाचं वाचून गलबलून आलं. माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं, त्याला फक्त जबडा दुखत होता आणि आम्ही दाढ समजत बसलो. उत्तर जाणकार देतीलच. तोवर रिपोर्ट आणि त्यासोबत मिळालेली चित्राची प्रत जपून ठेवा.

प्रोबवाली

लोकमान्यनगरदादा, मी याच शहरात रेडिओलॉजिस्ट आहे. सोळा वर्षं रोज माना तपासते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या जेमतेम तीन-चार मिमी रुंदीच्या, बरगड्यांच्या आणि फुप्फुसांच्या आड, शिवाय प्रत्येक ठोक्याला हलणाऱ्या. बाहेरून प्रोब ठेवून त्यांच्या भिंतीची जाडी मोजता येत नाही. मानेतली कॅरोटिड मात्र कातडीखाली अगदी जवळ असते, बोट ठेवलं की ठोका लागतो तीच. म्हणून तिच्याकडे पाहायचं. दोघींतून वाहतं ते रक्त एकच, साखर आणि दाब एकच. एकीच्या भिंतीत चरबी साचू लागली असेल तर दुसरीत साचत असण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणते आहे, खात्री नाही. मान स्वच्छ आणि हृदयात मोठा अडथळा, असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि याच्या उलटही.

आता तुमच्या रिपोर्टमधले आकडे. पडद्यावर रोहिणीची भिंत उजळ रेघ, मधे काळी पट्टी, पुन्हा उजळ रेघ अशी दिसते. पहिल्या रेघेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या रेघेच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर म्हणजे इंटिमा-मीडिया थिकनेस, म्हणजेच आयएमटी, भिंतीच्या आतल्या थरांची जाडी. तुमचं ०.८ आणि १.०. यंत्रावरचं हे अंतर खऱ्या भिंतीच्या जाडीशी जुळतं, हे मिलानच्या पावलो पिन्योली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये नमुन्यांवर दाखवलं. ते प्रोबपासून लांबच्या भिंतीवर मोजायचं, बल्बच्या सुमारे एक सेंटिमीटर खाली, हृदय सैल पडलेलं असताना. डायबिटीसमध्ये हे वाढलेलं असतं. चेन्नईच्या वस्तीवर झालेल्या आणि २००० साली छापून आलेल्या अभ्यासात डायबिटीस असलेल्यांची सरासरी ०.९५ मिमी आणि नसलेल्यांची ०.७४ मिमी भरली होती. पण ही जाडी वयानं वाढते, बीपीनंही वाढते. त्या पट्टीत भिंतीचा स्नायूही मोजला जातो, नुसती चरबी नाही. म्हणून १.० या आकड्यावर मी झोप उडवून घेतली नसती.

प्लाकची, म्हणजे भिंतीत साचलेल्या चरबीच्या उंचवट्याची, गोष्ट वेगळी. मुख्य रोहिणीला दोन फाटे फुटतात तिथला फुगीर भाग म्हणजे बल्ब. तिथे रक्त सरळ वाहत नाही, भिंतीलगत मंदावतं आणि घोळतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखाली कान्ह नदीचं पाणी काठाशी मंदावून गाळ सोडतं ना, तसं. म्हणून चरबी पहिल्यांदा तिथे बसते. भिंतीचा एखादा भाग नळीत ०.५ मिमी तरी आत आला, किंवा शेजारच्या जाडीच्या निम्म्यानं जास्त फुगला, किंवा एकूण जाडी १.५ मिमीच्या वर गेली, की आम्ही त्याला प्लाक म्हणतो. तुमचा १.९ आहे, म्हणजे तो प्लाकच. 'थोडंसं आहे' असं सांगून सोडून द्यायला नको होतं.

पीएसव्ही म्हणजे रक्ताचा सर्वांत जास्त वेग, सेंटिमीटर दर सेकंदाला. नळी अरुंद झाली की वेग वाढतो. १२५ च्या आत असेल तर अडथळा निम्म्याहून कमी धरतात. तुमचा ८२ आहे. मानेचं ऑपरेशन वगैरे विषय इथे मुळीच नाही.

तुकोगंजचा_मुलगा

प्रोबवालीताई, मग एक सांगा. आई दरवर्षी ही तपासणी करते. पहिल्या वर्षी ०.८८, मग ०.८१, यंदा ०.९४. दुसऱ्या वर्षी आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, यंदा घरात सुतक असल्यासारखं आहे. काय खरं धरायचं?

प्रोबवाली

तिन्ही धरू नका, म्हणजे त्यांच्यातला फरक धरू नका. ही जाडी वर्षाला साधारण ०.०१ मिमीच्या आसपास वाढते. यंत्र, हात, मानेचा कोन, मोजायची जागा बदलली की त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. आईंच्या आकड्यांत दिसतोय तो मोजणीतला चढउतार आहे, रोहिणीतला नव्हे. हजारो लोकांच्या दोन-दोन मोजण्या एकत्र करून २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठं विश्लेषण आलं होतं. त्यात जाडी किती वेगानं वाढली यावरून पुढे झटका येणार की नाही याचा अंदाज बांधता आला नाही. तेव्हा दरवर्षीची तपासणी थांबवा, आईंना एवढा ताण नको.

आकडे_आणि_आपण

पुण्याहून लिहितोय. संख्याशास्त्र शिकवतो, वडिलांना डायबिटीस असल्यामुळे हा विषय खोलात वाचला आहे. ताईंचं म्हणणं बरोबर आहे, पण ते आणखी ठळक सांगायला हवं. २०१० मध्ये अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी मध्यम जोखमीच्या लोकांत आयएमटी मोजणं योग्य ठरवलं. २०१३ मध्ये त्यांनीच ते नको म्हणून सांगितलं. मधे २०१२ ला चौदा अभ्यासांतल्या ४५,८२८ लोकांचं विश्लेषण आलं. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, डायबिटीस यांवरून काढलेल्या जोखमीत ही जाडी मिळवली, तर जोखमीचा गट योग्य दिशेनं बदलण्यात निव्वळ भर पडली ०.८ टक्के. त्याच गटानं पुढच्या वर्षी फक्त डायबिटीस असलेल्यांपुरतं तपासलं, तिथेही भर पडली नाही.

मग शिबिरांत ही तपासणी करायचीच कशाला? माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर उगाच निर्धास्त होतो.

सुदामानगर_ताई

निर्धास्त होण्याबद्दल मला बोलायचं आहे, म्हणून मुद्दाम लॉगिन केलं.

माझे बाबा. सतरा वर्षांचा डायबिटीस. एका ठिकाणी मानेची सोनोग्राफी केली, रिपोर्ट 'सामान्य' आला. कोणीतरी म्हणालं, नळ्या स्वच्छ आहेत तर चरबीची गोळी कशाला? बाबांनी गोळी बंद केली. आम्हीही रोखलं नाही, उलट बरं वाटलं की एक गोळी कमी झाली. चौदा महिन्यांनी दोन स्टेंट बसले, आणि हृदयाची ताकद कायमची कमी झाली ती वेगळीच. आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात. आधी मेघदूत बागेला तीन फेऱ्या मारायचे.

ती गोळी घेत राहिले असते तर झालंच नसतं असं मी म्हणत नाही, ते कोणीच सांगू शकत नाही. पण त्या एका शब्दावर आम्ही सगळं सोडून दिलं, ही गोष्ट मनातून जात नाही. कृपा करून कोणीही असं करू नका.

जुना_एमजीएम

ताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

मी इथल्याच एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलो, एमवाय रुग्णालयात वॉर्डच्या पायऱ्या झिजवल्या, आता फिजिशियन म्हणून निवृत्त आहे. लोकमान्यनगरवाल्यांना माझं सांगणं असं, की तुम्ही प्रश्न मानेपासून सुरू केलात, तो डायबिटीसपासून सुरू करा. फिनलंडमधला १९९८ चा अभ्यास आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवला. आधी कधी झटका न आलेल्या डायबिटीसवाल्यांना सात वर्षांत झटका येण्याचं प्रमाण २०.२ टक्के निघालं, आणि डायबिटीस नसलेल्या पण एकदा झटका येऊन गेलेल्यांना पुन्हा झटका येण्याचं १८.८ टक्के. नंतरच्या अभ्यासांत सगळ्या डायबिटीसवाल्यांत जोखीम इतकी दिसली नाही. मुदत, वय, मूत्रपिंड यांनुसार ती बदलते. पण ११ वर्षं, बीपी आणि मोठ्या भावाचा असा मृत्यू, एवढं सोनोग्राफीआधीच आपल्या हातात होतं.

आणि त्यावरून करायचं काय, तेही ठरलेलं होतं. चाळिशीच्या पुढच्या डायबिटीसवाल्याला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, द्यायची, मानेत काही दिसो वा न दिसो. २००४ च्या 'कार्ड्स' चाचणीत २,८३८ डायबिटीसवाले होते, कोणालाही आधी हृदयविकार झालेला नव्हता, कोलेस्टेरॉलही फार वाढलेलं नव्हतं. ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. लॅबच्या कागदावरचं 'नॉर्मल' हे निरोगी माणसासाठी छापलेलं असतं. ११८ एलडीएल तुमच्यासाठी नॉर्मल नाही. तुमच्यासारख्यात ७० च्या खाली आणायचं असतं, प्लाक दिसल्यावर तर नक्कीच.

भावाबद्दल. लांब मुदतीच्या डायबिटीसमध्ये हृदयाकडच्या संवेदना नेणाऱ्या नसा मंदावतात, म्हणून दुखत नाही. घाम, धाप, वरच्या पोटात अस्वस्थता, जबडा किंवा हात जड होणं, एवढंच दिसतं. वहिनींना हे जरूर सांगा. त्यांनी ओवा दिला यात त्यांची काही चूक नव्हती, त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. पुढे घरात कोणाही शुगरवाल्याला असं झालं तर रिक्षा शोधू नका, १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल तिथे थेट न्या.

प्रोबवाली

आकडेदादा, जाडीबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. पण प्लाक आणि जाडी एकाच टोपलीत टाकू नका. युरोपच्या हृदयतज्ज्ञांच्या २०२१ च्या सूचनांत जाडी मोजू नका असंच म्हटलं आहे. मात्र त्याच सूचना म्हणतात, की सीटीवर हृदयातलं कॅल्शियम मोजणं शक्य नसेल तेव्हा कॅरोटिडमधला प्लाक जोखीम ठरवताना विचारात घेता येईल.

आणि चित्राचा एक उपयोग आकड्यांत पकडता येत नाही असं वाटायचं, तोही पकडला गेला आहे. स्वीडनच्या उत्तर भागात ३,५३२ लोकांवर एक चाचणी झाली, २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. मानेची सोनोग्राफी सगळ्यांची केली, पण निम्म्यांनाच आणि त्यांच्या डॉक्टरांना ती चित्रासकट समजावून सांगितली, नर्सनं फोनही केला. बाकीच्यांना काही कळवलं नाही. वर्षभरानंतर चित्र पाहिलेल्यांची एकूण जोखीम दुसऱ्या गटापेक्षा कमी झालेली होती. माझ्या खोलीत मी हे रोज पाहते. 'तुमचं कोलेस्टेरॉल वाढलंय' म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि निघून जातो. पडदा त्याच्याकडे वळवून 'हे इथे, ही तुमची रोहिणी' म्हटलं की तो खुर्ची पुढे ओढतो.

आकडे_आणि_आपण

हा मुद्दा पटला. स्वीडनचा अभ्यास वाचून काढतो. पण मग चित्र दाखवून समजावणारा माणूस समोर हवा, शिबिरातला कागद पुरत नाही.

प्रोबवाली

अगदी. शिबिरांत तेच राहून जातं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आई_टाइप१

मधेच विचारते, क्षमस्व. मुलगी २४ वर्षांची, टाइप १, तेरा वर्षांपासून इन्सुलिन. तिचीही मानेची सोनोग्राफी करावी का?

जुना_एमजीएम

या वयात नेहमीच्या काळजीसाठी गरज नाही. पण टाइप १ आणि ही तपासणी यांचं जुनं नातं आहे, तुम्हाला धीर येईल म्हणून सांगतो. अमेरिका-कॅनडात १,४४१ टाइप १ रुग्णांना घेऊन १९८३ ते १९९३ एक चाचणी चालली. निम्म्यांची साखर काटेकोर, निम्म्यांची त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. चाचणी संपल्यावरही त्यांचा मागोवा घेत राहिले. काही वर्षांनी मानेच्या रोहिण्या मोजल्या, तर काटेकोर गटात जाडी कमी वाढलेली होती. २००५ मध्ये पुढचा हिशेब आला: त्याच गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी. म्हणजे तरुणपणी सांभाळलेली साखर पुढे वीस वर्षं कामी येते. एकेका माणसाचं भविष्य सांगायला ही जाडी तोकडी पडते, पण गटागटांतला फरक दाखवायला संशोधनात ती उपयोगी पडली. मुलीची साखर, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडातून गळणारं प्रथिन), डोळ्यांचा पडदा, एवढं वर्षाला पाहत चला.

लोकमान्यनगर_५३

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, वहिनीबद्दलचं तुमचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, परत वाच.

तीन शंका उरल्या. स्टॅटिननं शुगर वाढते म्हणतात, ते खरं का? ॲस्पिरिन सुरू करू का? आणि अँजिओग्राफीचं काय?

जुना_एमजीएम

शुगर किंचित वाढू शकते, तेवढ्यासाठी गोळी टाळणं म्हणजे दाराला कडी लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखं आहे. वाढलीच तर शुगरची गोळी थोडी बदलता येते.

ॲस्पिरिन स्वतःहून नको. २०१८ मध्ये हृदयविकार नसलेल्या १५,४८० डायबिटीसवाल्यांचा निकाल आला. गंभीर घटना १२ टक्क्यांनी कमी, मोठा रक्तस्राव २९ टक्क्यांनी जास्त. प्लाक आहे म्हणून तुमच्या बाबतीत विचार करता येईल, पण पोटाचा अल्सर, वय, बाकीच्या गोळ्या पाहून तो तुमच्या डॉक्टरांनी करायचा.

अँजिओग्राफी मानेतल्या प्लाकवरून करत नाहीत. चालताना धाप, छातीत जडपणा, ईसीजीत बदल, असं काही असेल तर पुढच्या तपासण्या ठरतात. शेजारच्या काकांची माया मी समजू शकतो, पण सोमवारी तुम्हाला फिजिशियनकडे जायचं आहे, कॅथलॅबमध्ये नाही. जाताना लघवीतलं अल्ब्युमिन तपासून न्या. ते ३० च्या वर असेल तर मला मानेतल्या १.० मिमीपेक्षा त्याची जास्त चिंता वाटेल. पायाच्या घोट्याचं बीपीही मोजायला सांगा. हाताच्या तुलनेत ते ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या रोहिण्याही अरुंद झाल्या असं समजतात. १.४ च्या वर गेलं तरी ते चांगलं नव्हे. डायबिटीसमध्ये भिंती कॅल्शियमनं कडक होतात, पट्ट्यानं दबत नाहीत.

आणि हे सगळं एकत्र करा. डेन्मार्कमध्ये लघवीतून अल्ब्युमिन जाणारे अवघे १६० डायबिटीसवाले घेतले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बाबतीत साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, व्यायाम या सगळ्यांवर एकदम काम केलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. आठेक वर्षांत पहिल्या गटात हृदयाच्या घटना दुसऱ्याच्या जवळपास निम्म्यावर आल्या. एकवीस वर्षांनी पाहिलं तर त्या गटातली माणसं जवळपास आठ वर्षं जास्त जगली होती.

माळव्याची_माती

खाण्याबद्दल कोणी बोललंच नाही. आपल्याकडे सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी वरणावर शेव, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली. घरी शेवेचा डबा डायनिंग टेबलवरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, तेवढ्यानंच निम्मी कमी झाली. मीठ आणि तेल दोन्ही त्यात असतं. बीपीवाल्यांनी तरी करून पाहा.

लोकमान्यनगर_५३

(दोन महिन्यांनी)

धागा वर आणतोय, कारण शेवटी काय झालं हे सांगायचं राहिलं होतं.

फिजिशियनकडे गेलो. मी विनंती केल्यावर त्यांनी चित्राची प्रत उजेडात धरून दाखवली. राखाडी भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. भावाच्याही रोहिणीत असा दाणा असेल का, हेच मनात येत राहिलं. ईसीजी ठीक, चालण्याची स्ट्रेस टेस्टही ठीक. लघवीतलं अल्ब्युमिन ४६ निघालं. त्यावरून शुगरची एक गोळी बदलून एम्पाग्लिफ्लोझिन दिलं, बीपीच्या गोळीचा डोस वाढवला, रोसुव्हास्टॅटिन सुरू केलं. ॲस्पिरिन नको म्हणाले. सात आठवड्यांनी एलडीएल ६४, बीपी १२६/७८. साखरेची तीन महिन्यांची सरासरी अजून व्हायची आहे. मानेची सोनोग्राफी पुन्हा कधी, असं विचारलं तर म्हणाले, इतक्यात नाही, त्याच पैशात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घ्या.

रोज सकाळी पिपल्यापाल्याच्या बागेत चालायला जातो. वहिनीही येते आता.

पुतण्या ३१ वर्षांचा आहे. त्याची उपाशीपोटी साखर ११८ आली. वहिनी विचारत होती की त्याचीही मान दाखवून घ्यायची का. मी म्हणालो, आधी त्याचं कोलेस्टेरॉल, बीपी आणि पोटाचा घेर बघू. बरोबर सांगितलं ना डॉक्टर?

जुना_एमजीएम

बरोबर सांगितलंत. ११८ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, अजून आत नाही. त्याला तीन महिन्यांची सरासरी करायला लावा. सकाळी तुमच्यासोबत चालायला न्या. सिगारेट ओढत असेल तर मला इथे कळवा, त्याच्याशी मी स्वतः बोलेन.